शब्दविचार : ‘अन्-डिसर्निंग’

गेल्या आठवड्यांत आमच्या नातवानें इंग्रजी धड्यांतील ‘अन्-डिसर्निंग’ हें विशेषण मजपुढें ठेविलें. ‘डिसर्न’ म्हणजे भेद ओळखणें, असें कोशांत पाहून त्यानें वहींत ‘भेद न करणारा’ असा अर्थ लिहिला होता. तो वाचतांच माझी एक जुनी चूक मला आठवली.

ह्या शब्दाचें मूळ लॅटिन आहे. ‘डिस्’ म्हणजे निराळें, व ‘सेर्नेरे’ म्हणजे चाळणें. आपला ‘विवेक’हि तसाच, ‘वि’ उपसर्ग आणि ‘विच्’ म्हणजे वेगळें करणें हा धातु. दाणे व फोल सुपानें वेगळे करणारी गृहिणी डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे दोन्ही शब्द उलगडतात. ज्याला दाणा कोणता आणि फोल कोणतें हें कळत नाहीं, तो ‘अन्-डिसर्निंग’. मात्र मराठींत ‘अविवेकी’ म्हटलें कीं उतावळेपणा मनांत येतो. इंग्रजी शब्दांत तो नाहीं. म्हणून ‘पारख नसलेला’ हाच प्रतिशब्द बरा. वाचक, श्रोता, दृष्टि, रुचि ह्यांना हें विशेषण शोभतें. त्याच कुळांतलें ‘इन्डिस्क्रिमिनेट’ बहुधा कृतीला लागतें. जसें, सरसकट केलेली स्तुति किंवा अंदाधुंद गोळीबार.

आतां माझी चूक. शाळेंत असतां एका गुणी विद्यार्थ्याला मीं शिफारसपत्र दिलें. गरीब-श्रीमंत, उच्च-नीच असा भेद तो कधीं करीत नसे. गीतेंतील ‘समदर्शी’ मनांत धरून मीं त्याला ‘अन्-डिसर्निंग’ म्हटलें! शिष्यवृत्ति त्याला मिळाली नाहीं. ती त्या शब्दामुळेंच गेली, असें मी म्हणत नाहीं, पण बर्‍याच वर्षांनीं तो भेटला, तेव्हां हंसून म्हणाला, “गुरुजी, मला पारख नाहीं हें खरें असेल, पण तें पत्रांत लिहायला नको होतें.” माझें तेंच मत आहे असें समजून इतकीं वर्षें त्यानें तो शब्द मनांत बाळगला होता! मीं त्याची क्षमा मागितली.

समदर्शी मनुष्याला इंग्रजींत ‘इम्पार्शल’ म्हणावें. त्याला भेद दिसतो, परंतु न्याय करतांना तो आड येऊं देत नाहीं. दुसर्‍याला भेद दिसतच नाहीं. भेद न करणें हा गुण, भेद न कळणें ही उणीव.

नातवानें वहींतील अर्थ खोडून नवा लिहिला. पत्रांतला शब्द मला तसा खोडतां आला नाहीं.