ट्रेनीचा ताण आणि सुपरव्हिजनचा तास

भोसरी किंवा चाकणमध्ये पॉवर प्रेसखाली बोटे गेलेला पंचविशीतला कंत्राटी कामगार क्लिनिकल सायकॉलॉजीच्या ट्रेनीसमोर येऊन बसतो, तेव्हा तिचे वयही साधारण तेवढेच असते. तक्रार असते झोप न लागण्याची. बोलता बोलता तो विचारतो, ठेकेदार पुन्हा कामावर घेईल का, गावी कसे सांगू? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीकडे याला उत्तर नसते आणि त्याची बोच ती घरी घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओपीडी, नवे इंटेक, दुपारी टेस्टिंग, रात्री रिपोर्ट. डिझर्टेशन तर मागे लागलेलेच.

अशा वेळी आपण तिला सांगतो, नीट झोप, व्यायाम कर, स्वतःची काळजी घे. सल्ला चुकीचा नाही. पण आलटून पालटून नाईट शिफ्ट करणाऱ्या कामगाराची झोप नुसते झोपेचे नियम सांगून परत येत नाही, हे या औद्योगिक पट्ट्यात काम करताना आपण रोज पाहतो. त्याच्या कामाचे तास विचारल्याशिवाय आपण पुढे जात नाही. ट्रेनीचे तास मात्र कोणी विचारत नाही.

सुपरव्हिजनचा बराचसा वेळ निदान आणि रोर्शाक चाचणीचे स्कोअरिंग तपासण्यात जातो. ते हवेच. पण ‘ही केस ऐकताना तुला काय झालं?’ हे विचारायचे राहून जाते, आणि हादरलो तर आपण या कामाला नालायक ठरू, एवढे विद्यार्थी बरोबर शिकतात. शिवाय जो गुण देणार, त्याच्यासमोर मन मोकळे करणे अवघडच. बर्लिनमध्ये १९२० साली सुरू झालेल्या मॅक्स आयटिंगन यांच्या मनोविश्लेषण पॉलिक्लिनिकने प्रशिक्षणाची घडी बसवली, तेव्हा अध्यापन, रुग्णकामावरची देखरेख आणि शिकणाऱ्याचे स्वतःचे विश्लेषण या तिन्ही गोष्टींना त्यात स्थान होते. त्यातली तिसरी आपण जवळजवळ सोडून दिली.

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या दोन वर्षांच्या एम.फिल.च्या प्रवेशांना यूजीसीने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंतचीच मुदत दिली होती. त्याच्या जागी येणाऱ्या नव्या अभ्यासक्रमांची वेळापत्रके बसवण्याची ही वेळ आहे. त्यात सुपरव्हिजनचा तास छापील असावा आणि ओपीडीत गर्दी झाली की पहिली कात्री त्यालाच लागू नये.

दुसरी सूचना अधिक तातडीची वाटते. उपचारांची गरज असलेली ट्रेनी आपल्याच विभागात केस पेपर काढणार नाही. पुणे आणि पिंपरीतल्या विभागांनी एकमेकांचे ट्रेनी गोपनीयपणे तपासावेत. नाव आपल्या विभागप्रमुखापर्यंत जाणार नाही, अशी लेखी हमी असावी. मध्यरात्री कोणी खचले, तर टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ट्रेनीसाठीही आहे, हे पहिल्याच दिवशी सांगावे. अशी अदलाबदल करायला तयार असलेल्या विभागप्रमुखांनी आम्हाला जरूर लिहावे. दोन विभागांची गाठ घालून देण्याचे काम हे मासिक आनंदाने करील.