अंगठी कोठून आणली?

साखरपुड्याच्या कार्यक्रमात वधूच्या बोटात अंगठी चढली, की जमलेल्या मंडळींतून एक प्रश्न हमखास येतो : अंगठी कोठून आणली? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर पुण्याचा लक्ष्मी रस्ता, मुंबईचे दादर, जळगावचा सराफ बाजार किंवा नागपूरची इतवारी असे मिळत असे. पिढ्यान् पिढ्यांच्या सराफाचे नाव सांगितले, की पुढे विचारण्यासारखे काही उरत नसे. आता या उत्तरात दुबई, सिंगापूर, अँटवर्प अशी नावे येऊ लागली आहेत. मुलगा कंपनीच्या कामासाठी आठ दिवस परदेशी जातो आणि येताना हिऱ्याची अंगठी घेऊन येतो. किंवा घरची सहल दुबईला जाते आणि देराच्या सुवर्णबाजारात भावी सुनेसाठी खरेदी होते. कार्यक्रमात हे उत्तर ऐकताच मंडळींच्या भुवया कौतुकाने उंचावतात आणि वरमाईच्या चेहऱ्यावर समाधान पसरते.

यात गैर ते काय, असे कोणी विचारील. प्रेमाने आणलेल्या भेटवस्तूत गैर काहीच नाही. तथापि या एका उत्तरामागे जो हिशेब, जी समजूत आणि क्वचित जी लपवाछपवी दडलेली असते, तिचा विचार सुजाण कुटुंबांनी करणे अगत्याचे आहे.

मुळात 'साखरपुडा' हा शब्दच पुरेसा बोलका आहे. वधूच्या हाती साखरेचा पुडा द्यायचा आणि वडीलधाऱ्यांच्या साक्षीने सोयरिकीवर शिक्कामोर्तब करायचे, एवढाच तो साधा संस्कार. त्याचेच दुसरे नाव वाङ्निश्चय, म्हणजे दिलेल्या शब्दाचा निश्चय. या दोन्ही नावांत हिरा कोठेही नाही. अंगठी नंतर आली आणि सोन्याच्या रूपाने आपल्याकडे सुखाने रुळली. जिवंत समाज नव्या गोष्टी स्वीकारतोच. प्रश्न अंगठीचा नाही. हिऱ्यावाचून वाङ्निश्चय अपुरा, ही भावना कोठून आली, हा खरा प्रश्न आहे.

तिचा इतिहास फार जुना नाही. दक्षिण आफ्रिकेत 1867 च्या सुमारास हिरे सापडू लागले आणि पाहता पाहता त्यांचा पुरवठा इतका वाढला, की भाव कोसळण्याची भीती निर्माण झाली. 1888 मध्ये सेसिल ऱ्होड्सने 'डी बिअर्स' कंपनी स्थापन करून खाणी एका छत्राखाली आणल्या आणि पुरवठ्यावर पकड बसवली. पुढे मागणीही घडवावी लागणार होती. 1938 पासून फिलाडेल्फियाच्या एका जाहिरातसंस्थेने हे काम हाती घेतले आणि 1947 मध्ये हिरा चिरंतन असल्याचे सांगणारे ते सुप्रसिद्ध घोषवाक्य तिने जन्माला घातले. अंगठीवर किती महिन्यांचा पगार खर्च करावा, हेही पुढे जाहिरातीच ठरवू लागल्या. चिरंतन वस्तू कोणी विकत नसतो. त्यामुळे एकदा घरात गेलेला हिरा बाजारात परत येत नाही, हा त्या घोषवाक्याचा व्यापारी अर्थ होता.

जपानचे उदाहरण तर भारतीय वाचकाने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. तेथेही विवाह प्रामुख्याने घरच्या मंडळींनी जुळवलेले असत आणि विधी परंपरेने चालत आलेले. 1967 मध्ये हिऱ्याच्या अंगठीचा प्रचार तेथे सुरू झाला, तेव्हा शंभर नियोजित वधूंपैकी पाच जणींनाही ती मिळत नव्हती. 1981 पर्यंत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात गेले. अवघ्या चौदा वर्षांत एका प्राचीन समाजाला नवी 'परंपरा' मिळाली. ती देणारे ना धर्माचार्य होते, ना समाजधुरीण. जाहिरात लिहिणाऱ्यांनी ती दिली.

भारताला हिरा नवा नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशात घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेत वज्राचा विचार आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही वज्रपरीक्षा आहे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे प्रामुख्याने भारतच पुरवत होता. कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणी आणि गोवळकोंड्याची बाजारपेठ यांची कीर्ती युरोपभर होती. त्र्यंबकेश्वराच्या नावाशी जोडलेला 'नासक' हिरा तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर, 1818 मध्ये, इंग्रजांच्या हाती गेला आणि लंडनच्या जवाहिऱ्याकडे विकला गेला. परंतु या भूमीत हिरा राजकोशात आणि देवाच्या चरणी शोभला. सामान्य गृहस्थाच्या घरात शकुनाची वस्तू म्हणून सोने होते, मोती होते, काळे मणी होते. कारण ते अडीअडचणीला उपयोगी पडत असे, किंवा ऐपतीबाहेरचे नसे.

आता परदेशातून आणलेल्या त्या अंगठीतील खड्याचा प्रवास पाहावा. आज जगातील दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू भारतात पाडले जातात आणि त्यातील बहुतेक काम सुरतेत होते. सौराष्ट्रातून पोटासाठी सुरतेत आलेल्या लक्षावधी कारागिरांच्या बोटांखालून हे खडे जातात. तेथे त्यांना 'रत्नकलाकार' असे सार्थ नाव आहे. व्यापाराचे मोठे केंद्र मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. अँटवर्पच्या हिरेबाजारातही गेली कित्येक दशके पालनपूर आणि सौराष्ट्राकडील भारतीय व्यापाऱ्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे कोथरूडचा तरुण बेल्जियमला जाऊन जो हिरा अभिमानाने घेतो, तो बहुधा सुरतेत घडून तेथे पोहोचलेला असतो, आणि विकणाराही पुष्कळदा गुजराती बोलणारा असतो. हिरा भारतातून बाहेर जातो, परदेशी दुकानाच्या काचेमागे बसतो आणि त्या काचेची किंमत अंगावर घेऊन पुन्हा मायदेशी येतो.

स्वस्त पडते म्हणून तेथून आणली, असे यावर सांगितले जाते. हा दावा हिशेबाच्या कसोटीवर घासून पाहावा. दुबईत 2018 पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे. बेल्जियममध्ये तो एकवीस टक्के आहे. पर्यटकाला परत जाताना विमानतळावर वस्तू व पावती दाखवून हा कर परत मागता येतो, पण हाती पडताना त्यातून काही वजावट होते. भारतात उतरल्यावर सीमाशुल्काचा प्रश्न येतो. प्रवाशांच्या सामानाच्या नियमांत दागिन्यांसाठी जी खास सवलत आहे, ती एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यांसाठी आहे. आठ दिवसांच्या सहलीवरून परतणाऱ्याला ती लागू नाही. सामान्य मर्यादेपलीकडील मूल्यावर त्याला शुल्क भरावे लागते. चलनबदलातील तूट आणि कार्डावरील आकार यांत मिळवावेत. पुढे अंगठी सैल झाली, खडा हलला, तर ते दुकान हजारो मैल दूर असते. भारतात 2021 पासून टप्प्याटप्प्याने सोन्याचे हॉलमार्किंग सक्तीचे झाले आणि प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरांकांची ओळखखूण आली. परदेशी दागिन्याला हे संरक्षण नसते. एवढी सगळी बेरीज-वजाबाकी करून उरणारी बचत पुष्कळदा इतकी किरकोळ असते, की तिच्यासाठी जोखीम पत्करण्यात शहाणपण नाही.

जोखीमही लहान नाही. सोन्याचा कॅरट शुद्धता सांगतो, तर हिऱ्याचा कॅरट वजन सांगतो आणि एक कॅरट म्हणजे अवघे दोनशे मिलिग्रॅम. हा साधा फरकही अनेक सुशिक्षित ग्राहकांना ठाऊक नसतो. वजन, रंग, निर्मळपणा आणि पैलूंची घडण या चार गोष्टींवर भाव ठरतो. दिसायला जुळ्या भावंडांसारख्या दोन खड्यांच्या भावात मोठी तफावत असू शकते. विमानाची वेळ गाठायची घाई असलेला प्रवासी ही पारख कशी करणार? बँकॉकमध्ये रिक्षावाल्याने पर्यटकाला 'आजच्यापुरत्या' सरकारी सवलतीचे आमिष दाखवून रत्नांच्या दुकानात नेण्याचा प्रकार इतका जुना आहे, की प्रवासवर्णनांतून आणि पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सूचनांतून त्याबद्दल सतत सावध केले जाते. तरीही माणसे फसतात. कारण घाई आणि लोभ एकत्र आले, की विवेक मागे पडतो.

त्यात प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांची भर पडली आहे. रासायनिकदृष्ट्या तो हिराच असतो, नुसत्या डोळ्यांनी त्याचा भेद कळत नाही, पण भाव खाणीतल्या हिऱ्याच्या तुलनेत फारच कमी असतो आणि अलीकडच्या वर्षांत तो झपाट्याने उतरला आहे. जून 2023 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा असाच भारतीय हिरा भेट दिला होता. असा हिरा समजून-उमजून घेण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र खाणीतल्या हिऱ्याचे दाम मोजून तो पदरी पडणे ही फसवणूक होय. म्हणून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आणि खड्याच्या कडेवर लेसरने कोरलेला सूक्ष्म क्रमांक जुळवून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. ज्या अमेरिकी संस्थेच्या प्रमाणपत्राला जगभर मान आहे, तिची प्रयोगशाळा मुंबईतही आहे.

परंतु या सर्व हिशेबाहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. परतीच्या प्रवासात सामान घेऊन बाहेर पडताना प्रवाशासमोर दोन मार्ग असतात. ज्याच्याकडे शुल्कपात्र काही नाही त्याच्यासाठी हिरवा, ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी लाल. सामानात काय आहे ते जाहीर करणे हे सीमाशुल्क कायद्याने प्रवाशाचे कर्तव्य ठरवले आहे. नेमक्या याच ठिकाणी घरून फोनवर सल्ला येतो : "पेटी टाकून दे, अंगठी बोटात घाल, कोण विचारतो?" रोजच्या वापरातला दागिना निराळा आणि कालच विकत घेतलेला निराळा, हे सल्ला देणाऱ्यालाही ठाऊक असते. गंमत अशी, की याच तरुणाने काही तासांपूर्वी परक्या देशाच्या विमानतळावर हीच अंगठी आणि हीच पावती पुढे करून तेथील कर परत घेतलेला असतो. परक्यांच्या खिडकीवर जी पावती अभिमानाने दाखवली, ती मायदेशाच्या दारात लपवायची!

पकडले गेल्यास अंगठी जप्त होते, दंड भरावा लागतो, हे खरेच. पण न पकडले गेल्यास काय होते, याचा विचार अधिक महत्त्वाचा. दोन कुटुंबांनी परस्परांना शब्द देण्याचा जो संस्कार, त्याची खूणच खोट्या मार्गाने घरात येते. ज्या घरात देशभक्तीची भाषा रोज बोलली जाते, सीमेवरील जवानांसाठी निधी जमवला जातो, त्या घराची परीक्षा व्याख्यानमालेत होत नाही. ती विमानतळावरच्या त्या दोन मिनिटांत होते. राष्ट्राच्या तिजोरीत आपला वाटा न कुरकुरता घालणे हीही देशसेवाच आहे आणि ती करण्यासाठी गणवेश लागत नाही.

आणखी एक धोका आहे. एका घरातली परदेशी अंगठी दुसऱ्या घरासाठी मोजपट्टी होते. "थोरल्या जावेला दुबईची अंगठी आली, मग धाकटीला इथली कशी?" अशी तुलना सुरू झाली, की मुलगा कर्ज काढतो, वधूपक्षाला त्या तोडीची परतफेड करावीशी वाटते. हुंड्याला दारातून घालवण्यासाठी समाजसुधारकांनी आयुष्ये वेचली. तो खिडकीतून हिऱ्याच्या रूपाने परत येऊ नये.

ज्यांचा संसारच परदेशात आहे, त्यांनी तेथे खरेदी करणे स्वाभाविक आहे. ज्याला हिरा मनापासून आवडतो आणि परवडतो, त्याने तो जरूर घ्यावा. पण घेण्यापूर्वी मुलाने आणि मुलीने एकत्र बसून खर्चाची मर्यादा ठरवावी, प्रमाणपत्र पाहावे, शक्यतो गावातल्या विश्वासू सराफाकडून करवून घ्यावी. 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादले, तेव्हा आधीच मंदीने गांजलेल्या सुरतेच्या कारागिरांचे हाल वाढले. त्यांच्या हातचा हिरा थेट आपल्या सराफाकडून घेणे ही त्यांनाही साथच ठरते. आणि परदेशातून आणायचीच असेल, तर लाल मार्गाने, पावती हातात धरून, शुल्क भरून आणावी.

अंगठी कोठून आणली, हे पाहुणे विचारतीलच. ती कशी आणली, हे मात्र कोणी विचारणार नाही. ते वर्षानुवर्षे ठाऊक असणार आहे फक्त त्या दोघांना, ज्यांनी त्या अंगठीच्या साक्षीने एकमेकांना शब्द दिला आहे.