घोडा शिकतो तो सैल लगामातून

शाळेच्या सहली धरण, किल्ला, देवस्थान अशा ठरलेल्या ठिकाणी जातात. यंदा मार्गशीर्षात मुलांना माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेस न्यावे, असे आम्हांस वाटते. नांदेडपर्यंत आदिलाबादहून रेल्वे आहे. पुढे लोहा तालुक्यात माळेगाव. तेथील घोडेबाजार प्रसिद्ध आहे. मात्र हेतू घोड्यावर बसून फोटो काढण्याचा नसावा. शिकणे कसे घडते, हे मुलांनी तेथे पाहावे.

घोड्याला जवळजवळ सभोवार दिसते, पण कपाळासमोरचे आणि थेट शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून जाणता माणूस आवाज देत, खांद्याच्या बाजूने जवळ जातो. भ्यायला की पळायचे, हा घोड्याचा जन्मजात स्वभाव. भेदरलेला घोडा शिकत नाही, तो सुटकेची वाट शोधतो.

लगाम ओढला की तोंडावर दाब येतो. घोडा थांबताच, त्याच क्षणी, लगाम सैल करायचा. थांबल्यामुळे दाब गेला, हे त्याला तेव्हाच उमगते. थांबल्यावरही ओढत राहिले तर तो लगामाला जुमानेनासा होतो, आणि अडेल म्हणून नाव मात्र त्याचे होते!

बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास विल्हेल्म फॉन ओस्टेन या गणितशिक्षकाचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देई. ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासले, तेव्हा विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले की हान्सही चुके. माणसाच्या मानेची नकळत होणारी हालचाल पाहून तो थांबत असे. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून ‘समजले’ म्हणणारी मुले आपल्याही वर्गांत असतात.

घोडा पाळणे आपल्या शाळेला परवडणारे नाही. पण पोळ्याचे बैल तर आपलेच आहेत. नव्या गोऱ्ह्याला जुन्या बैलाच्या जोडीने जुवाची सवय लावणारे जाणकार पालकांत व आजोबांत आहेत. ट्रॅक्टरमुळे ही विद्या मागे पडते आहे. त्यांना एखाद्या शनिवारी गुरुजी म्हणून बोलवावे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील मारावर बंदी घातली, हे योग्यच झाले. पण धाक गेला म्हणजे शिकवणे आपोआप येत नाही. मुलाने योग्य पाऊल टाकताच दाब कधी सोडावा, हे घरी आणि वर्गात आपणा मोठ्यांनाही शिकावे लागेल. विश्वस्तांनी सहलीचा निर्णय दिवाळीपूर्वी घ्यावा आणि पालकांनीही सोबत यावे, ही विनंती.