घारापुरीच्या वाटेवरील पाहुणे

दिवाळीची सुट्टी लागली कीं जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांतील पुष्कळ मुलें मुंबईस जातात. कोणाचा चुलता, कोणाचा मामा, कोणाचा थोरला भाऊ नोकरीधंद्यानिमित्त तेथें असतोच. आणि घारापुरीची लेणीं पाहिल्यावांचून मुंबई पाहिली असें कोणी म्हणत नाहीं. लेण्याद्रीच्या पायऱ्या लहानपणापासून चढलेल्या मुलांस लेण्यांचें फारसें नवल नसतें. नवल असतें तें गेटवे ऑफ इंडियापासून निघणाऱ्या लाँचचें. सुमारें एक तासाचा हा जलप्रवास. परंतु त्या तासाभरांत आपण जें करितों, त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

लाँच धक्का सोडते न सोडते तोंच पांढऱ्या पक्ष्यांचा थवा तिच्या मागें लागतो. हे कुरव पक्षी. शरद ऋतूंत आकाश निवळलें कीं ते येऊं लागतात व उन्हाळा जवळ आला म्हणजे परततात. त्यांपैकीं तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट व मध्य आशियांतील उंच सरोवरांच्या कांठीं घरटें करितो, आणि थंडीचे दिवस काढण्यास इतक्या दूर आपल्या समुद्रावर येतो. त्याचें तपकिरी डोकें कोठें आहे, असें मुलें विचारतील. या दिवसांत तें पांढरेंच असतें. डोळ्यामागें काळसर ठिपका तेवढा दिसतो. परतण्याची वेळ आली म्हणजे तपकिरी रंग चढूं लागतो. त्याच्या जोडीस काळ्या डोक्याचा कुरवहि असतो, व त्याचें डोकेंहि हिवाळ्यांत पांढरेंच. मग दोघे ओळखावे कसे? पूर्ण वाढलेल्या पक्ष्याच्या पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके असले व डोळा फिकट असला, तर तो तपकिरी डोक्याचा. डोळा काळा असला, तर दुसरा.

इतकें पाहण्याजोगें समोर असतां आपण काय करितों? शेव-गाठ्यांची पुडी फोडतों व मूठमूठ हवेंत उधळतों. पक्षी झेप घेतात, मुलें टाळ्या पिटतात, छायाचित्रें निघतात, आणि रिकामी पुडी समुद्रांत जाते. ही चाल बंद व्हावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, मुक्या प्राण्यास घांस घालणें हा आपल्याकडे धर्म मानिला आहे. पितृपक्षांत कावळ्यास पान वाढणारे लोक आपण, मग चार गाठ्यांनीं काय बिघडलें? भावना चांगली आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण दया करणारानें घेणाराचें हित पाहिलें पाहिजे. मासे, खेकडे, किडे हा कुरवाचा आहार. तळलेल्या खारट बेसनानें त्याचें पोट भरेल, पोषण होणार नाहीं. आणि ज्यास पुन्हा इतका लांबचा प्रवास करावयाचा आहे, त्याच्या अंगीं बळ सांठलें पाहिजे. शिवाय माणसाच्या मुठीवर अवलंबून राहण्याची संवय त्यास लागते, ती निराळीच. पुडी विकणाऱ्या गरिबाचें काय, असेंहि विचारतील. त्याच्याकडून पुडी अवश्य घ्यावी, आणि मुलांनींच ती खावी!

आमच्या मतें याहून मोठी हानि पाहणाराची होते. खाऊ टाकून जवळ आणलेल्या पक्ष्याची आपण झेप तेवढी पाहतों. तो कोण, कोठून आला, पाण्यावर कसा उतरतो, मासा कसा टिपतो, हें पाहणें राहूनच जातें. मुंबईंत १८९६ सालीं जन्मलेल्या सालिम अलींनीं लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, तेव्हां ही कोणती चिमणी, असें विचारण्यास ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले. त्या एका प्रश्नानें त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. असा प्रश्न मुलाच्या मनांत उठण्यास त्यास स्वस्थपणें पाहूं दिलें पाहिजे.

या अभ्यासास मुंबईच पाहिजे असें मात्र नाहीं. माणिकडोह, येडगांव, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे हे पांच जलाशय आपल्याच दोन तालुक्यांत आहेत. डिंभ्याच्या पाण्याखालीं तर मूळ आंबेगांव गेलें; तालुक्यास नांव तेवढें राहिलें. लोकांनीं घरेंदारें देऊन झालेल्या या पाण्याच्या कांठीं शरदांत धोबी पक्षी येतात. थंडी वाढली कीं चक्रवाक व रानबदकें उतरतात. तेथेंहि नियम तोच. थव्यांत होडी घालूं नये, दगड मारून तो उडवूं नये. कांठावर निमूटपणें बसावें आणि तारीख, ठिकाण व संख्या वहींत टिपावी.

महाराष्ट्रांत ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. हे दिवस बहुधा दिवाळीच्या आगेंमागेंच येतात. तरी पालकांस आमची विनंती अशी कीं, येत्या सुट्टींत लाँचवर चढतांना मुलांच्या हातीं एक वही व पेन्सिल द्यावी, आणि घरीं आल्यावर कोणता कुरव कोणत्या खुणेनें ओळखला, हें त्यांस विचारावें. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या नोंदी पुढील अंकासाठीं आल्यास आम्ही त्या आनंदानें छापूं.