उपटायची रोपं, पुरायची रोपं

काय बालदोस्तांनो, मागच्या आठवड्यात सांगितल्याप्रमाणे माती भुसभुशीत करून ठेवलीत ना? खडे वेचलेत? शेणखत चांगलं कुजलेलंच घेतलंत ना? शाब्बास! आता दिवाळी झाली, थंडी पडू लागली, तेव्हा आज मुळा आणि टोमॅटो लावू या.

आधी मुळा. बी पेरलं की चार-पाच दिवसांत उगवतं आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कोशिंबीर पानात येते. रोज सकाळी उठून 'आलं का, आलं का' म्हणून माती उकरणाऱ्या मुलांसाठी हेच पीक बरं. बी अर्धा इंच खोल, ओळीत पेरायचं. दोन ओळींत एक वीत अंतर. परसदार नसेल तर तळाला भोकं पाडलेला तेलाचा जुना डबाही चालतो, फक्त खोल हवा.

खरी गंमत पुढेच आहे. आमच्या मागल्या दारी चार फूट लांब, तीन फूट रुंद वाफा आहे. मागच्या थंडीत सहावीतल्या माझ्या भाचीनं त्यात चार ओळी मुळा पेरला. आठ-दहा दिवसांत वाफा हिरवागार झाला. मी म्हटलं, "चला, आता विरळणी. चार-चार बोटांवर एकेक रोप ठेवायचं, बाकीची उपटायची."

"उपटायची? मामा, अहो ती जिवंत आहेत!"

मी समजावलं, तिच्या आईनं समजावलं. पोरगी हटेना. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. शेवटी वाटण्या झाल्या : दोन ओळी माझ्या, दोन तिच्या. माझ्या ओळींतली जास्तीची रोपं मी उपटली, तर ती तिनं गोळा करून एका कुंडीत लावली आणि वर झारीनं पाणी घातलं. खरं सांगतो, एका रात्री ती झोपल्यावर तिच्या ओळीही हळूच विरळ कराव्यात, असं माझ्या मनात आलं होतं. नाही केलं. बरंच झालं.

बेचाळिसाव्या दिवशी मुळे काढले. माझ्या ओळींतले वीतभर लांब, पांढरेशुभ्र. तिच्या ओळींत पाला मात्र रग्गड, आणि खाली? पेन्सिली! काही तर उंदराच्या शेपटीएवढे. दोघे-तिघे एकमेकांना वेढे घालून बसलेले. जागा आणि पाणी तेवढंच, खाणारी तोंडं मात्र पाचपट, मग मूळ पोसणार कसं? आणि कुंडीतले? त्यांना दोन-दोन पाय फुटले होते, जणू पायजमाच घातलाय! सोटमूळ तुम्ही शाळेत शिकला असालच. मुळ्याचं ते सोटमूळच आपण खातो. उपटताना त्याचं टोक तुटलं की त्याला फाटे फुटतात. खडा आडवा आला, तरी तेच होतं. म्हणून मुळा जिथे पेरायचा तिथेच वाढवायचा.

टोमॅटोची रीत बरोबर उलटी. हा वांगी-मिरचीचा भाऊबंद. याचं बी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातसुद्धा रुजतं. महिन्याभरात रोप चार-सहा पानांचं झालं की संध्याकाळी उचलून मोठ्या कुंडीत लावायचं. एका कुंडीत एकच. आणि लावताना खालची पानं खुडून खोड चांगलं खोल पुरायचं, अगदी वरच्या पानांपर्यंत. घाबरू नका, रोप कुजत नाही. टोमॅटोच्या खोडालाच मातीत नवी मुळं फुटतात. वडाच्या पारंब्यांसारखी हीसुद्धा आगंतुक मुळं. भाचीनं हे काम मात्र अगदी आनंदानं केलं!

शेजारी काठी रोवा, सुतळीनं सैल बांधा. पाणी रोज थोडं-थोडं. चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी बादली ओतली, की फळाच्या बुडाला काळा डाग पडतो. आमच्या पहिल्या तीन टोमॅटोंना पडला होता, कारण आम्ही सगळे गावाला लग्नाला गेलो होतो.

फुलं आली, पण फळं धरत नाहीत, अशी तक्रार गॅलरीवाले नेहमी करतात. टोमॅटोच्या फुलातले पराग एका बंद नळीत असतात. काळा भुंगा फुलाला लोंबकळून गुणगुणतो, त्या थरथरीनं ते बाहेर पडतात. मधमाशीला ही युक्ती जमत नाही. वारा असला तर थोडंफार काम भागतं, पण बंद गॅलरीत ना वारा ना भुंगा! मग भुंगा तुम्हीच व्हा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलाच्या देठावर बोटानं हलकेच टिचकी मारा. तोंडानं गुणगुण केलीत तरी हरकत नाही, फक्त शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

हो, भाचीच्या ओळींचं काय झालं ते राहिलंच. त्यांचा पाला मुगाची डाळ घालून आम्ही दोन दिवस खाल्ला. पाच-सहा रोपं तिनं हट्टानं वाफ्यातच ठेवली. ती उंच वाढली आणि त्यांना मोहरीसारखी चार पाकळ्यांची, पांढरी-जांभळट फुलं आली. मग डिंगऱ्या धरल्या. कोवळ्या होत्या तेव्हाच तिनं त्या तोडून, मोजून आईच्या हवाली केल्या. एकशे बारा भरल्या. भाजी तिखट झाली होती. माझ्या वाट्याला तिनं सात डिंगऱ्या वाढल्या, त्यासुद्धा मोजून.