भीती वाटली, तर लाज कसली?

मुलांनो,

या सदरात आपण मनाच्या गोष्टी बोलतो. राग झाला, रुसवा झाला, हेवासुद्धा झाला. आज पाळी भीतीची. 'बाई, आम्ही नाही हं कुणाला घाबरत!' असं म्हणून पान उलटू नका. असं म्हणणाऱ्यांसाठीच तर आजचं पान आहे.

आमची वारूळवाडी नारायणगावाला अगदी खेटून आहे. चहूकडे बागायत. जुन्नर तालुक्यात पाच धरणं, शेजारच्या आंबेगावात डिंभे धरण. पाणी आलं तसा ऊस आला आणि उसात बिबट्या आला. पुण्यामुंबईच्या बहुतेक मुलांना बिबट्या चित्रात नाहीतर प्राणिसंग्रहालयात भेटतो. आमच्याकडे तो गोठ्यामागून जातो. कुत्री, शेळ्या नेतो. आणि खोटं कशाला बोलू, आमच्या भागात त्याने माणसांवर, लहान मुलांवरही हल्ले केलेले आहेत.

एकदा मी माझ्या वर्गाला चिठ्ठ्या लिहायला दिल्या. 'मला कशाची भीती वाटते?' नाव लिहायचं नाही, अक्षर ओळखायचं नाही, कुणी हसायचं नाही. पाच मिनिटांत डबा भरला. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत बिबट्या होता. रात्री परसात जायची भीती. लाईट गेली की भीती. शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस आहे, त्या तुकड्याची भीती. एकाने लिहिलं होतं, 'शेतातली लाईट रात्रीची असली की पप्पा दारं धरायला जातात. ते येईपर्यंत मी डोळे मिटून जागाच असतो.' बाकीच्या चिठ्ठ्यांत गणिताचा तास होता, मोठा कुत्रा होता, आईबाबांचं भांडण होतं. आणि एका चिठ्ठीत एवढंच होतं, 'मी घाबरतो हे सगळ्यांना कळेल, याची.'

मुलांनो, ही शेवटची भीती सगळ्यांत वाईट. कारण बिबट्याच्या भीतीवर उपाय आहेत, अंधाराच्या भीतीवर उपाय आहेत; पण जी भीती आपण कुणाला सांगतच नाही, तिच्यावर उपाय कोण करणार? ती आत बसून वाढत राहते.

आधी हे पाहू, की भीती वाटते म्हणजे शरीरात होतं काय. आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटासा भाग असतो. धोका दिसला की तो घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी लगेच अॅड्रिनॅलिन नावाचा रस रक्तात सोडतात. काळीज धडधडायला लागतं, श्वास जोरात चालतो, हातापायांकडे जास्त रक्त जातं. पळायचं असेल किंवा लढायचं असेल, त्याची ही तयारी. अशा वेळी पचनाचं काम मागे पडतं, म्हणून पोटात गोळा येतो, तोंड कोरडं पडतं. म्हणजे पाय लटपटले तर तुम्ही भित्रे नाही. तुमचं शरीर आपलं काम चोख करतंय!

मग भीती चांगली की वाईट? मी माझ्या वर्गाला सांगते, भीती म्हणजे घरच्या राखणीचा कुत्रा. रात्री कुणी परका आला आणि तो भुंकला, तर त्याचे उपकार मानायचे. पण पान हललं तरी भुंकतोय, दिवसाही भुंकतोय, घरात कुणाला झोपू देत नाही, असं झालं तर? तरी आपण त्याला मारत नाही, हाकलूनही देत नाही. त्याला शिकवतो, कधी भुंकायचं आणि कधी गप्प बसायचं. भीतीलाही असंच शिकवायचं असतं.

तिला शिकवायचं पहिलं साधन म्हणजे माहिती. बिबट्याला उसात का राहावंसं वाटतं? तिथे दाट आडोसा, जवळ पाणी आणि वस्तीवर सहज मिळणारी कुत्री, शेळ्या. तो बहुतेक रात्री आणि संध्याकाळ-पहाटेच्या अंधुक वेळी फिरतो. मादी उसातच पिलं घालते. ऊसतोड सुरू झाली की दरवर्षी कुठे ना कुठे ही पिलं सापडतात. मग वनखात्याचे लोक आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर येतात, पिलांना तपासतात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच जागी ठेवतात. रात्री आई येते आणि पिलाला मानगुटीला धरून घेऊन जाते. मी हे सांगितलं तेव्हा माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, 'म्हणजे ती पण शोधत असती ना, बाई!' बिबट्याची भीती तिची तेव्हाही होतीच. पण आता तिच्या मनातला बिबट्या भूत राहिला नव्हता, तो एक प्राणी झाला होता.

दुसरं साधन म्हणजे नियम. शाळेला घोळक्याने जायचं, मोठ्याने गप्पा मारत किंवा गाणी म्हणत जायचं. अंधार पडला की एकट्याने अंगणाबाहेर जायचं नाही. मोठ्या माणसाला सोबत घ्यायचं, हातात बॅटरी न् काठी घ्यायची. अंधारात शेताच्या कडेला वाकून किंवा उकिडवं बसायचं नाही, कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसू शकतो. समोर दिसलाच तर पाठ दाखवून पळायचं नाही. हात वर करायचे, मोठ्याने ओरडायचं, हळूहळू मागे सरकायचं. आणि मोठ्यांनी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. हे नियम पाठ असले की राखणीचा कुत्रा थोडा शांत होतो. त्याला कळतं, मालक जागा आहे.

कुणी म्हणेल, शिवनेरीच्या मुलखातली पोरं आणि अशी घाबरून नियम पाळतात? मग चौथीच्या इतिहासातला प्रतापगडचा प्रसंग आठवा. १६५९ साली अफजलखानाला भेटायला जाताना शिवाजी महाराजांनी अंगात चिलखत घातलं होतं, जिरेटोप घातला होता, हातात वाघनखं लपवली होती. का बरं? कारण त्यांनी धोका नीट ओळखला होता. धोका ओळखून, तयारी करून पुढे जातो तो शूर. 'मला काही होत नाही' म्हणत अंधारात शिरतो तो शूर नव्हे, मुलांनो. तो वेडं धाडस करतो.

तिसरं साधन जरा वेगळं आहे. त्यासाठी तुम्हाला लांब अमेरिकेत नेते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी पीटर नावाच्या एका मुलाबद्दल लिहून ठेवलंय. जेमतेम तीन वर्षांचा पीटर सशाला घाबरायचा. पांढऱ्या उंदराला, केसाळ कापडाला, अगदी कापसालासुद्धा! बाईंनी त्याला 'भित्रा' म्हटलं नाही, की ससा उचलून त्याच्या मांडीवरही टाकला नाही. न घाबरणारी मुलं त्याच्यासोबत खेळायला बोलावली. ससा होता, पण लांब. पीटर सुधारायला लागला. मध्येच तो आजारी पडून इस्पितळात गेला, आणि तिथून परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला. झालं! सगळी भीती परत आली. पण बाईंनी धीर सोडला नाही. आता पीटर खुर्चीत बसून आवडीचा खाऊ खायचा आणि ससा पिंजऱ्यात, लांब ठेवलेला असायचा. रोज पिंजरा थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला हाताने कुरवाळायला लागला.

आता कुणी शहाणा म्हणेल, 'मग बाई, बिबट्याचा पिंजरा पण रोज जवळ आणायचा का?' मुळीच नाही! बिबट्या ससा नव्हे. त्याची भीती राहायलाच हवी. पण त्या भीतीची जी पिल्लं होतात, त्यांना पीटरचा उपाय चालतो. घराच्या आतल्या खोलीतला अंधार, दिवसाउजेडी शाळेची वाट, बंद दाराच्या आत एकट्याने झोपणं. आज आईचा हात धरून अंधाऱ्या खोलीत दहा आकडे मोजा. उद्या आई दारात, तुम्ही आत. परवा आई स्वयंपाकघरात, बोलत राहील. एखाद्या दिवशी जमलं नाही तर एक पायरी खाली उतरा. पीटरही उतरलाच होता की!

आणि हे शहाणपण काही अमेरिकेतच आहे असं नाही. वसुबारसेला आपण गायवासराची पूजा करतो. त्याच दिवशी जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या आदिवासी वाड्यांवर वाघबारस असते. गावाच्या शिवेवर किंवा रानात वाघोबाचं ठाणं असतं. तिथे गुराखी जमतात, दुधाची खीर करतात, नैवेद्य दाखवतात आणि आमची गुरंढोरं सांभाळ म्हणून विनवतात. काही ठिकाणी पोरंच वाघ होतात, कोल्हा होतात आणि बाकीची पोरं त्यांना ओरडत शिवाराबाहेर पिटाळतात. विचार करा. ज्याची भीती वाटते त्याचं नाव घ्यायचं, सगळ्यांनी मिळून घ्यायचं, आणि त्याचा खेळसुद्धा करायचा. तिथे 'मी नाही घाबरत' असं कुणीच म्हणत नाही. सगळेच घाबरतात, म्हणून सगळे एकत्र येतात.

करून पाहा :

१. भीतीला नाव द्या. 'मला कसंतरी होतंय' असं नको. 'पप्पा रात्री शेतात जातात तेव्हा मला भीती वाटते', असं नेमकं सांगा.

२. भीतीला मार्क द्या, दहापैकी किती? काल आठ होती, आज सहा? वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

३. छाती धडधडायला लागली की नाकाने श्वास घ्या आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा हळूहळू, लांबवर सोडा. दहा वेळा करा. लांब सोडलेल्या श्वासाने काळजाची धडधड कमी होते.

४. एक 'भीतीचं माणूस' ठरवा. आजी, मामा, ताई, बाई, गुरुजी, कुणीही. ज्याला सांगितलं की तो हसत नाही आणि रागावत नाही, असा माणूस.

५. मित्राने त्याची भीती सांगितली, तर ती वर्गभर करू नका. ती त्याने तुमच्याकडे ठेवायला दिलेली वस्तू आहे.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. मुलांनो, हा भाग त्यांना वाचून दाखवा.

'गप झोप, नाहीतर बिबट्या येईल' असं कृपा करून म्हणू नका. जिथे बिबट्या खरंच येतो, तिथे हे वाक्य गंमतीचं नसतं. आपल्या घासासाठी, झोपेसाठी मुलाच्या मनात जे जनावर आपण सोडतो, ते पुन्हा पिंजऱ्यात घालणं अवघड जातं. 'मुलगा असून रडतोस?' हेही नको. त्याने रडणं थांबत नाही, सांगणं थांबतं. 'काही होत नाही' असंही सांगू नका, कारण काय होऊ शकतं हे मुलांनी ऐकलेलं असतं. त्यापेक्षा खरं सांगा. 'हो, बिबट्या आहे. म्हणून आपण संध्याकाळी दार लावतो, बाहेर दिवा ठेवतो. मी शेतात जाताना दोघं मिळून जातो, पोचल्यावर फोन करतो.' तो फोन मात्र आठवणीने करा. तुमचं पोर डोळे मिटून जागं असतं.

बिबट्याने कुत्रा उचलल्याचे व्हिडिओ घरोघरी मोबाईलवर फिरतात. मोठी माणसं एकदा पाहतात आणि विसरतात. मुलं पुन्हा पुन्हा पाहतात आणि रात्री परत पाहतात, मोबाईल बंद असताना.

गावात काही वाईट घडलं असेल तर मुलाला साध्या शब्दांत खरं सांगा, पण त्याच्याकडून ते वारंवार वदवून घेऊ नका. जेवण, शाळा, खेळ नेहमीच्या वेळी चालू ठेवा. आणि दोन-तीन आठवडे होऊनही झोप लागत नसेल, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, रोज सकाळी शाळेच्या वेळीच पोट दुखत असेल, मूल खेळायचंच सोडून बसलं असेल, तर अंगारेधुपारे करत थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. आणि मुलांनो, घरात कुणालाच सांगता येणार नाही असं काही असेल, तर १०९८ हा क्रमांक तुमचा स्वतःचा आहे. तो पाठ करा. दहा-नऊ-आठ, सोपा आहे की नाही?

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' अशी आपली एक म्हण आहे. ती चिडवायला वापरतात. पण नीट पाहा, ब्रह्मराक्षस पाठीमागे असतो, आणि एकटं धावणाऱ्याच्याच पाठी लागतो. थांबून, वळून, कुणाचा तरी हात धरून पाहिलं, की पुष्कळदा तिथे नुसती केळीची पानं हलत असतात. आणि कधी खरंच काही असलं, तर ओरडायला दोघं असतात.

तुमची भीती आणि तिला तुम्ही दिलेले मार्क मला पत्राने कळवा. नाव नाही लिहिलंत तरी चालेल. मी अक्षर ओळखणार नाही, वचन!

तुमच्या बाई,
वारूळवाडी