मागे बसणारीचं काय?

मैत्रिणींनो, आमच्या ह्यांना मोटारसायकलचं भारी वेड! गेल्या दिवाळीला माझ्या माहेरी कोल्हापूरला फोंडा घाटातून गाडीनंच जायचं, असं ह्यांनी ठरवलं. मालवणहून दीडशेएक किलोमीटर. त्यासाठी गाडीला पुढं उंच काच आणि नवी जाड सीट बसवून आणली. माझ्या शिकवणीचे पैसेही त्यात गेले.

दारात गाडी उभी राहिली, तशा सासूबाई म्हणाल्या, "मागे बसतली तिचो इचार केलंस काय रे?" हे हसले. मीही हसले.

पण तालमीखातर कणकवलीपर्यंत गेलो आणि माझं हसू मावळलं. मऊ मऊ फोम अर्ध्या तासात दबला आणि खालची फळी माकडहाडाला लागू लागली. काचेची कड नेमकी ह्यांच्या डोळ्यांसमोर. आणि उतरून पाहते, तर ओढणीचं टोक चेनच्या ग्रीसनं काळं झालेलं! बॅगेचा सांगाडा बसवताना दुकानदारानं साडी-गार्ड काढून टाकलं होतं. अंगावर काटाच आला.

साडी-गार्ड ही काही शोभेची वस्तू नव्हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, की मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला आधार आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकणारं संरक्षण हवं. ते आम्ही आधी परत बसवलं. आता मी ओढणीही कमरेला घट्ट बांधते.

मग सीट. फोम घेताना मुठीनं जोरात दाबून पाहा. फळी हाताला लागली, तर तो लांबच्या प्रवासाला कुचकामी. थोडा टणक फोमच बरा. मागची बाजू रुंद आणि सपाट हवी, उतरती असली तर ब्रेक लागताच आपण पुढं घसरतो. आपल्याकडच्या पावसात रेक्झिनच्या शिवणीतून पाणी मुरतं, तेव्हा बसायच्या जागी शिवण नको.

काच फार उंच नको. चालवणाऱ्याला तिच्यावरून रस्ता दिसला पाहिजे, नाहीतर पावसाच्या थेंबांतून काहीच दिसायचं नाही. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावं, काच कुठं अडत नाही ना, केबल ताणत नाही ना. खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचेच लावून घ्या. आणि काच प्लॅस्टिकची असते, ती पेट्रोलनं पुसू नका, खराब होते. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

हेल्मेट मात्र दोघांनाही हवंच.

एवढं करून आम्ही कोल्हापूरला गेलो. मध्ये राधानगरीला चहाला थांबलो, पाय मोकळे केले. माहेरच्या दारात मी कंबर न धरता उतरले, तेव्हा आईनं आधी माझ्याकडं आणि मग गाडीकडं पाहिलं.

तेव्हा पुढच्या वेळी सीट पसंत करायला हे दुकानात निघाले, की तुम्हीही बरोबर जा. आणि पैसे देण्याआधी मागे बसून पाहा!